पकच्या मागे धावू नका

या वेळचं पत्र कॅनडातल्या विनिपेगहून आलं आहे.

"ताई, सांगलीहून इथे आल्यापासूनचा हा आमचा दुसरा हिवाळा. मी अकाउंटिंगच्या ऑफिसात आहे. ऑक्टोबर लागला की तिथे जेट्स या इथल्या आइस हॉकी संघाशिवाय दुसरा विषय नसतो. 'काल बघितलीस का मॅच?' असं कुणी विचारलं की मी 'हो, काय मस्त!' म्हणून सुटका करून घेते. खरं म्हणजे ती चकती, तो पक, मला दिसतच नाही. शिट्टी का वाजली, कोण कुठे पळतंय, काही कळत नाही. मधेच दोघं हातमोजे फेकून मारामारी करायला लागतात तेव्हा तर टीव्ही बंद करावासा वाटतो. नवरा क्रिकेटवेडा. तो म्हणतो, 'हा आपला खेळच नाही, कशाला डोकं लावतेस?' आणि आता आठ वर्षांच्या मुलाने हॉकी खेळायचा हट्ट धरलाय. खर्चाची भीती वाटते, त्याला लागेल याची वाटते, आणि तिथल्या आईबापांत बसून मी बोलणार काय, याची सगळ्यात जास्त वाटते. आवड नसताना ती लावून घेता येते का?"

सप्रेम नमस्कार.

येते. त्यासाठी क्रिकेट सोडावं लागत नाही की सांगली विसरावी लागत नाही. मीही तुमच्यासारखीच बाहेरून या खेळाकडे आले, आणि आज प्लेऑफच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या, दिवसांत माझ्या घरी जेवणाची वेळ मॅच बघून ठरते. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी ऑफिसचं बघू. 'हो, काय मस्त!' हे आजपासून बंद करा. त्या उत्तराने बोलणं तिथल्या तिथे संपतं, आणि तुम्हाला हवं आहे ते नेमकं त्याच्या पुढे असतं. विचारणारा काही तुमची परीक्षा घेत नसतो. पुढच्या वेळी सरळ सांगा, "लावली होती, पण मला अजून खेळ कळत नाही. तू लहानपणी खेळायचास का?" तुमच्या मॅनिटोबा प्रांतात वाढलेल्या माणसाला हे विचारलं की तो खुर्ची ओढून बसतो. वडिलांनी रात्री मागच्या अंगणात पाइपने पाणी सोडून केलेली बर्फाची रिंक, गोठलेल्या नदीवर अंधार पडेपर्यंत चाललेला खेळ, मोठ्या भावाचे सैल स्केट्स आत जादा मोजे कोंबून घातलेले, सगळं बाहेर येतं.

सहकारी चाळिशीपुढचा असेल तर त्याला १९९६ बद्दल विचारा. त्या वर्षी जेट्स संघ विकला जाऊन अमेरिकेत, ॲरिझोनात गेला. कॅनडाचा डॉलर पडलेला, खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये, त्यात जुनं झालेलं स्टेडियम. संघ वाचवायला लोकांनी पैसे गोळा केले, शाळकरी पोरांनी आपले गल्ले आणून दिले, तरी संघ गेलाच. पुढची १५ वर्षं या शहरात एनएचएलची, म्हणजे कॅनडा-अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगची, हॉकी नव्हती. २०११ मध्ये अटलांटाचा संघ इथे आला, त्याला जेट्स हे जुनं नाव मिळालं, आणि सीझन तिकिटं सर्वांसाठी खुली झाल्यावर काही मिनिटांत संपली. तुमचा सहकारी कदाचित त्या गल्लेवाल्या पोरांतलाच असेल. राष्ट्रगीत चालू असताना 'ट्रू नॉर्थ' हे शब्द आले की विनिपेगचं स्टेडियम छप्पर उडेल असं ओरडतं, ते तुम्ही टीव्हीवर ऐकलं असेलच. ट्रू नॉर्थ हे संघ परत आणणाऱ्या कंपनीचं नाव आहे. ते ओरडणं हे आभार आहेत.

आता पकचं. तो दिसत नाही यात तुमच्या डोळ्यांचा काही दोष नाही. ३ इंच व्यासाची, १ इंच जाडीची, साधारण १७० ग्रॅम वजनाची ही काळ्या रबराची चकती. बर्फावर उसळू नये म्हणून मॅचआधी ती गोठवून ठेवतात, आणि जोरदार फटका बसला की ती ताशी १५० किलोमीटरच्या पुढे जाते. पडद्यावर ती कुणालाच सतत दिसत नाही. मुरलेला प्रेक्षक तिला शोधत बसत नाही. खेळाडूंचे खांदे कुठे वळलेत, स्टिक कुठे टेकल्यात, यावरून ती कुठे असणार हे त्याला कळतं.

म्हणून पहिल्या काही मॅचेस फक्त गोलीकडे बघा. गोलरक्षकाला इथे सगळे गोलीच म्हणतात. आणि तुमच्या शहराचं भाग्य असं की कॉनर हेलेबक तुमच्याकडे आहे. २०२५ मध्ये सर्वोत्तम गोलीची व्हेझिना ट्रॉफी तर त्याला मिळालीच, शिवाय लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफीही मिळाली. गोलीच्या वाट्याला ती फार क्वचित येते. त्याआधी २०१५ मध्ये मॉन्ट्रियलच्या कॅरी प्राइसला मिळाली होती. हेलेबकच्या मागची जाळी ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. समोरून कुणी चाल करून आला की तो जाळीला चिकटून राहत नाही, थोडा पुढे सरकतो. त्याने मारणाऱ्याला जाळीचा मोकळा भाग कमी दिसतो. पक गर्दीच्या आड गेला की तो मान वाकडी करतो, कधी एकाच्या कमरेजवळून तर कधी दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावतो. गुडघे जोडून दोन्ही पॅड बर्फावर टाकले की समजायचं, पक सुटला. म्हणजे पक तुम्हाला दिसला नाही तरी गोलीच्या अंगावरून कळला. थोड्याच दिवसांत तुम्ही त्याच्याआधी खुर्चीत सावरून बसायला लागाल.

गोलीची सवय झाली की नजर खेळाडूंच्या बाकाकडे न्या. माझ्या मते हॉकीचा खरा ताल तिथे आहे. बर्फावर एका वेळी गोली धरून सहा जण, पण गोली सोडून तयारीत असतात १८. कबड्डीत चढाईला गेलेला गडी ३० सेकंदांत सगळा दम लावून परत येतो, तसाच इथे प्रत्येक जण ४०-४५ सेकंद जीव तोडून पळतो आणि बाकावर परततो. खेळ थांबत नाही. एक कठड्यावरून आत उडी मारतो तोवर दुसरा बर्फावर उतरलेला असतो. आता अशी वेळ येते की समोरच्या संघाने पक तुमच्या गोलपुढे फिरवत ठेवलाय, तुमचे पाच जण दमलेत आणि बाहेर पडायला सवड मिळत नाही. स्टेडियममध्ये अशा वेळी जी अस्वस्थ कुजबुज सुरू होते ना, तिचं कारण तुम्हाला कळलं की अर्धी हॉकी कळली. अशा वेळी कुणीतरी घाबरून पक थेट दुसऱ्या टोकापर्यंत भिरकावून देतो. मैदानाच्या मधल्या रेषेच्या अलीकडून मारलेला पक कुणाला न लागता पलीकडच्या गोलरेषेपार गेला तर ते आयसिंग. शिट्टी वाजते, खेळ परत तुमच्याच गोलजवळ सुरू होतो, आणि चूक करणाऱ्या संघाला तेवढ्यापुरतं खेळाडू बदलायला मनाई असते. दमलेल्यांना दमलेलंच ठेवायचं, हीच शिक्षा.

बाकीचे नियम आपोआप अंगवळणी पडतात. समोरच्या गोलकडच्या निळ्या रेषेच्या पलीकडे पकच्या आधी तुमचा माणूस गेला तर ऑफसाइड. कुणाला पाडलं, स्टिकने अडकवलं तर दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसायचं, आणि तेवढा वेळ त्याचा संघ एका माणसाने कमी. समोरच्यांचा तो पॉवर प्ले. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. सुरुवातीला एवढं पुरे.

एक मॅच मात्र मी मुद्दाम सुचवते, तिची क्षणचित्रं शोधून बघा. ४ मे २०२५, विनिपेग विरुद्ध सेंट लुईस, प्लेऑफच्या पहिल्या फेरीतल्या मालिकेची निर्णायक सातवी मॅच. शेवटची दोन मिनिटं उरलेली आणि जेट्स ३-१ ने मागे. अशा वेळी संघ गोलीला बोलावून घेतो आणि त्याच्या जागी सहावा आक्रमक उतरवतो. मागे जाळी सताड उघडी. जेट्सनी तेच केलं. एक गोल झाला. मग अगदी शेवटच्या सेकंदांना कोल परफेटीने बरोबरीचा केला. ओव्हरटाइममध्येही निकाल लागेना, तो दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये कर्णधार ॲडम लाउरीच्या गोलने लागला. बघताना हेलेबक बाकाकडे धावत सुटतो ती वेळ पकडा. सगळं स्टेडियम त्या क्षणी उभं राहिलेलं दिसेल.

मारामारी तुम्हाला आवडत नाही, ठीक आहे. मलाही आवडत नाही, आणि ती आवडून घेण्याची काही गरज नाही. मारामारी करणाऱ्याला एनएचएलमध्ये पाच मिनिटं बाहेर बसावं लागतं, ऑलिंपिकमध्ये थेट मॅचबाहेर काढतात. १ जानेवारी २०२४ ला सुरू झालेली महिलांची व्यावसायिक लीग, पीडब्ल्यूएचएल, जरूर बघा. तिथे वेग आणि पासिंग मोकळेपणाने दिसतं, आणि नव्या प्रेक्षकाला खेळ लवकर समजतो असं माझं मत आहे.

पण मारामारी लक्षात ठेवताय तर प्लेऑफमधली रांगही लक्षात ठेवा. दोन संघांमधली मालिका संपली की दोन्ही संघ बर्फावर समोरासमोर रांगा लावतात आणि प्रत्येक जण प्रत्येकाशी हात मिळवतो. त्याच मे महिन्यात, १७ तारखेला, जेट्सची डॅलसविरुद्ध सहावी मॅच होती. हरले तर मोसम संपला. आदल्या रात्री जेट्सच्या मार्क शायफेलीचे वडील अचानक वारले. तो तरीही खेळला. जेट्सचा त्या दिवशीचा एकमेव गोल त्यानेच केला. तिसरा डाव संपायला काही सेकंद उरले असताना समोरचा खेळाडू निसटू नये म्हणून त्याने त्याला पाडलं आणि त्याला पेनल्टी मिळाली. ओव्हरटाइमला तो बॉक्समध्ये बसलेला असतानाच डॅलसने गोल केला आणि सगळं संपलं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या संघातले आधी त्याच्याकडे गेले. नंतर रांगेत डॅलसचे खेळाडू त्याच्यापाशी थांबत होते, त्याला जवळ घेत होते. ज्या संघाने त्याला हरवलं तोच संघ. हॉकीत मला जे प्रिय आहे त्यातलं बरंचसं त्या रांगेत आहे.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं, 'हा आपला खेळच नाही.' त्यांना विनिपेग फाल्कन्सची गोष्ट सांगा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आइसलँडमधून खूप कुटुंबं मॅनिटोबात आली. गरीब, घरात परकी भाषा बोलणारी, शहरात खालच्या नजरेने बघितली जाणारी. त्यांच्या पोरांनी बर्फावर खेळायला सुरुवात केली आणि फाल्कन्स नावाचा संघ काढला. एक गडी सोडला तर सगळे आइसलँडिक वंशाचे. शहरातल्या प्रतिष्ठित लीगने त्यांना आपल्यात घेतलं नाही. पहिल्या महायुद्धात ही मुलं कॅनडाच्या सैन्यात भरती झाली, त्यांच्यातले दोघं परत आलेच नाहीत. उरलेल्यांनी येऊन पुन्हा संघ उभा केला, ज्या लीगने दार लावलं होतं तिच्या विजेत्यांना हरवलं, आणि १९२० मध्ये हौशी हॉकीतला देशातला सर्वोच्च ॲलन कप जिंकला. त्याच वर्षी ॲन्टवर्प ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आइस हॉकी खेळली गेली. कॅनडातर्फे गेले ते फाल्कन्स. चेकोस्लोव्हाकियावर १५-०, अमेरिकेवर २-०, स्वीडनवर १२-१. ऑलिंपिक हॉकीचं पहिलं सुवर्णपदक कॅनडाला मिळवून दिलं ते तुमच्या शहरातल्या स्थलांतरितांच्या मुलांनी. त्यांचा कर्णधार फ्रँक फ्रेडरिकसन पुढे हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला.

ही गोष्ट मी गोड करून सांगत नाही. दार लावलं गेलं होतं हे त्यातलं खरं आहे, आणि आजही कुठल्या रिंकवर तुमच्या मुलाला रंगावरून किंवा नावावरून कुणी बोलणार नाही याची हमी मी देऊ शकत नाही. तसं झालं तर गप्प बसू नका. त्याच दिवशी टीमच्या मॅनेजरला लेखी कळवा. हॉकी कॅनडाच्या नियमांत अशा शेरेबाजीला कडक शिक्षा आहे. पण हा खेळ कुणाचा हे ठरवून ठेवलेलं नाही, ते दर पिढीत बदलत आलंय. २००८ पासून कॅनडात एनएचएलच्या मॅचेसचं समालोचन पंजाबीत होतं. यजमानांना ते एकदा लावून द्या. हिंदी कळणाऱ्या मराठी माणसाला त्यातलं पुष्कळ समजतं, आणि नियमही मधेमधे समजावून सांगतात. भारतीय वंशाचा पहिला एनएचएल खेळाडू रॉबिन बावा १९८९ मध्ये खेळला. आणि भारतात हॉकी बर्फावर खेळतच नाहीत असं त्यांना वाटत असेल तर लडाखकडे बघा म्हणावं. लेहची, कारगिलची पोरं-पोरी गोठलेल्या तळ्यांवर हिवाळाभर खेळतात, आणि भारतीय महिलांनी २०२५ च्या आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं.

राहिला मुलगा. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात आनंदाची गोष्ट ती वाटली. त्याला लगेच संघात घालू नका, हा हिवाळा फक्त स्केटिंग. स्केट कॅनडाचा कॅनस्केट नावाचा शिकवणीवर्ग जवळपास कुठे आहे ते बघा. शहरातल्या फोर्क्स या नदीकाठच्या जागी स्केट्स भाड्याने मिळतात, तिथे तुम्हीही पायात घाला. पडायला होईल. पण स्वतः बर्फावर उभं राहून थांबायचा प्रयत्न केलात की टीव्हीवरचा माणूस तेवढ्या वेगात उलटा पळताना काय करत असतो ते एका क्षणात कळतं, जे महिनाभर बघून कळत नाही.

मधल्या काळात शनिवारी सकाळी तुमच्या वस्तीच्या कम्युनिटी सेंटरच्या रिंकवर जाऊन बसा, मुलाला घेऊन. लहान मुलांच्या मॅचेस असतात. जेमतेम कमरेएवढी पोरं, हेल्मेटमुळे डोकं मोठं, सगळी एकाच वेळी पकवर तुटून पडलेली. इथे पक दिसतो. स्केटचं पातं बर्फ कापतं त्याचा चर्र आवाज, पक लाकडी कठड्यावर आदळतो तो धाडकन आवाज, हे टीव्हीवर पोचतच नाही. मधल्या सुट्टीत झांबोनी नावाची गाडी येते, वरचा खरवडलेला थर उचलते आणि मागे गरम पाण्याची पातळ पट्टी सोडत जाते. गरम यासाठी की ते खालच्या बर्फाशी नीट एकजीव होतं. तिच्या मागे वाफ उठते आणि आरशासारखा बर्फ तयार होतो. तुमचा मुलगा काचेला नाक लावून बघत बसेल, तुम्हीही बघा. गर्दीची मोठी मॅच बघायची तर जेट्सची तिकिटं महाग पडतात. त्याच स्टेडियममध्ये मॅनिटोबा मूस हा खालच्या लीगमधला संघ खेळतो, त्याची बरीच स्वस्त असतात.

लागण्याची भीती रास्त आहे, पण लहान मुलांची हॉकी ही एनएचएल नव्हे. अंगाने धडक मारायला १३ वर्षांखालच्या गटापर्यंत हॉकी कॅनडाने २०१३ पासून बंदी घातली आहे. चेहऱ्यावर पूर्ण जाळी आणि गळ्याला पट्टा सक्तीचा असतो. खर्चाबद्दल मात्र मी गोड बोलणार नाही. हा खेळ महाग आहे, आणि वय वाढत जातं तसा अधिक महाग होतो. स्थानिक हॉकी असोसिएशनला 'फर्स्ट शिफ्ट' कार्यक्रम जवळ कुठे आहे का ते विचारा; तो तुमच्या मुलाच्या वयाच्या, कधीच न खेळलेल्या मुलांसाठी आहे आणि त्यात साहित्यही मिळतं. फी जड जात असेल तर जंपस्टार्ट आणि किडस्पोर्ट या संस्था मदत करतात. तिथे अर्ज करताना संकोच नको, इथली कितीतरी कुटुंबं करतात. पॅड, पँट, स्केट्स वापरलेले खुशाल घ्या, मुलांचा पाय वर्षात वाढतो. हेल्मेट तेवढं नवं घ्या.

आणि आईबापांत काय बोलायचं? सुरुवातीला बोलूच नका, काम मागून घ्या. मुलांच्या प्रत्येक मॅचला घड्याळ चालवायला आणि स्कोअरशीट भरायला पालकांतलंच कुणीतरी लागतं, आणि सहसा कुणी पुढे येत नाही. तुम्ही आकड्यांत काम करणाऱ्या, तुम्हाला ते सहज जमेल. पेनल्टी बॉक्सच्या शेजारीच बसायचं असतं. पंच हाताने खुणा करून येतो, कुणाला किती मिनिटं आणि कशाबद्दल ते सांगतो, तुम्ही लिहून घेता. दोन-चार शनिवारांत सगळ्या खुणा पाठ होतील, आणि शिट्टी का वाजली हे मागे बसलेले पालकच तुम्हाला विचारायला लागतील.

पुढच्या मोसमाची नोंदणी थंडी सुरू व्हायच्या आधीच होते. तारीख आत्ताच कम्युनिटी सेंटरमध्ये विचारून ठेवा.